वॉशिंग मशीन आणि ड्रायर: दुकानात जायच्या आधी घरात काय काय मोजायचं

बहिणीच्या घरी नवं फ्रंट लोड मशीन आलं तेव्हा मी तिथेच होतो. ड्राय बाल्कनीची चौकट २ फुटांची, म्हणजे ६१ सेंटीमीटर. मशीन ६० सेंटीमीटर रुंद. कागदावर बसत होतं. पण दार पूर्ण उघडलं तरी फळीची जाडी आणि बिजागऱ्या जागा खातात, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. टेप लावली तेव्हा मोकळी वाट भरली ५६ सेंटीमीटर. खोकं उघडून झालेलं, त्यामुळे दुकानदार परत घेईना. सुतार येऊन दार काढेपर्यंत मशीन अकरा दिवस हॉलमध्ये उभं होतं आणि बाहेर धो धो पाऊस.

ओळखीच्या घरांत अशा चुका मी पुन्हा पुन्हा बघतोय. कुठे वरच्या मजल्यावर नळाला दाब नाही म्हणून मशीन मध्येच अडतं, कुठे ‘ड्रायरवालं’ म्हणून घेतलेलं मशीन कपडे ओलेच बाहेर काढतं. सगळीकडे मूळ एकच: आधी ऑफर पाहिली, मग किलो, मग रंग; जागा, पाणी आणि वीज यांचा विचार मशीन दारात आल्यावर. खालचा क्रम याच्या उलट आहे. पहिले पाच टप्पे घरातच करायचे आहेत. टेप, बादली आणि वजनकाटा काढा. रविवारची एक सकाळ पुरते.

## टप्पा १: ‘ड्रायर’ म्हणजे नक्की काय हवंय ते ठरवा

आपल्याकडे ड्रायर हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना लावतात आणि निम्मा घोटाळा तिथेच होतो.

सेमी ऑटोमॅटिकमधल्या छोट्या टबाला सगळे ड्रायर म्हणतात. तो कपडे वाळवत नाही, पिळतो. जोरात फिरवून पाणी बाहेर फेकतो. कपडे दमटच निघतात आणि दोरीवर घालावेच लागतात. दुसरं म्हणजे टॉप लोडवरचं ‘एअर ड्राय’ किंवा तत्सम नावाचं बटण. त्यात ड्रम बराच वेळ रिकाम्या हवेत फिरतो. नायलॉन, पॉलिस्टरचा दमटपणा थोडा कमी होतो, पण सुती टॉवेल काही कपाटात ठेवण्याजोगा होत नाही. तिसरा तो खरा ड्रायर: ड्रममधून गरम हवा फिरवून कपडे पूर्ण वाळवणारा. तो वेगळा घेता येतो, किंवा धुणं आणि वाळवणं एकाच ड्रममध्ये करणारं मशीन मिळतं.

तपासा: दुकानात एकच प्रश्न विचारा. “यातून काढलेला जाड सुती टॉवेल घडी करून थेट कपाटात ठेवता येईल का?” उत्तर सरळ ‘हो’ नसेल तर तो पिळणारा ड्रायर आहे.

## टप्पा २: जागा मोजा, आणि वाटही मोजा

सगळ्यात महागात पडणारा टप्पा हाच, म्हणून इथे घाई नको.

आधी वाट. इमारतीचा जिना किंवा लिफ्ट, घराचं दार, मधलं पॅसेज, शेवटी ड्राय बाल्कनी किंवा बाथरूमचं दार. प्रत्येक ठिकाणी दार पूर्ण उघडून दोन कडांमधली मोकळी रुंदी मोजा. चौकट ते चौकट मोजू नका. पूर्ण आकाराचं फ्रंट लोड मशीन साधारण ६० सेंटीमीटर रुंद आणि ८५ सेंटीमीटर उंच असतं. खोक्यासकट रुंदी ६५ च्या पुढे जाते. पॅसेजमध्ये काटकोनात वळण असेल तर पुठ्ठ्यावर मशीनच्या तळाचा आकार कापा आणि तो पुठ्ठा जमिनीवरून सरकवत वळवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे आणि शंका राहत नाही.

मग ठेवायची जागा. खोली, म्हणजे मागून पुढपर्यंतचं माप, मॉडेलप्रमाणे ४५ ते ६५ सेंटीमीटर असतं. या मापात बऱ्याचदा दाराचा फुगवटा धरलेला नसतो, मागचे पाइप तर नसतातच. मागे ५ ते १० सेंटीमीटर जास्तीचे धरा, दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं सोडा. फ्रंट लोडचं दार उघडायला पुढे साधारण अर्धा मीटर लागतो, आणि शिवाय खाली बसून कपडे काढायला माणूस मावला पाहिजे. टॉप लोडला पुढे जागा कमी चालते, पण झाकण वर उघडतं. झाकण उघडं धरून जमिनीपासून १४० सेंटीमीटरपर्यंत काही आडवं येत नाही ना, बघा. गिझर, फडताळ, वाळत घालायची दांडी, यांतलं एक तरी बहुतेक घरांत आडवं येतंच.

वेगळा ड्रायर मशीनवर रचायचा असेल तर दोन्ही मिळून उंची १७० ते १७५ सेंटीमीटर होते. ड्रायर नेहमी वर, मशीन खाली. उलटं कधीच नाही. आणि आता घरात रोज धुणं करणाऱ्या माणसाची उंची आठवा. बऱ्याच ड्रायरमध्ये पाणी साठवायची टाकी वरच्या कोपऱ्यात असते. पाच फूट उंचीच्या बाईला ती भरलेली टाकी चवड्यांवर उभं राहून ओढायची आणि पाणी न सांडता खाली घ्यायची. आईला हे रोज जमणार नाही हे आमच्याकडे मोजतानाच कळलं, म्हणून टाकीऐवजी नळीने पाणी थेट मोरीत सोडायची सोय असलेलंच मॉडेल आम्ही शोधलं.

शेवटी जमीन. ड्राय बाल्कनीला पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला असतो. मशीनचे पाय स्क्रूने एक-दोन सेंटीमीटर वर-खाली होतात, त्याहून जास्त उतार त्यांच्याने भरून निघत नाही. गवंड्याकडून तीन-चार इंच उंच, भरीव, सपाट ओटा करून घ्या. फरशी धुताना पाणी खाली शिरत नाही आणि सफाईही सोपी जाते.

सावध: चाकांच्या स्टँडवर फ्रंट लोड ठेवू नका. पिळताना मशीन चालायला लागतं, नळाचा पाइप ताणला जातो आणि एक दिवस निसटतो.

सावध: बाल्कनीत पावसाचे शिंतोडे मशीनपर्यंत येतात का हे कोरड्या दिवसात कळत नाही. मागच्या पावसाळ्यात तिथली भिंत किती उंचीपर्यंत ओली होती ते आठवा. रत्नागिरी, मालवण, गोवा या बाजूला खारी हवा पत्र्याला लवकर गंज आणते; तिकडे उघड्या पडवीत मशीन ठेवूच नका.

## टप्पा ३: नळ तपासा

दाब. फ्रंट लोड आणि बहुतेक पूर्ण स्वयंचलित मशीनना पाणी नळातून ठरावीक दाबाने यावं लागतं. किमान दाब माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. अनेक मॉडेलना तो ०.३ ते ०.५ बार लागतो. हिशेब सोपा आहे: १० मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण १ बार. म्हणजे टाकीतलं पाणी नळापेक्षा ३ ते ५ मीटर वर हवं. टाकी थेट डोक्यावर असलेल्या शेवटच्या मजल्यावर नेमकी हीच अडचण येते. खालच्या मजल्यावर सुरळीत चालणारं मॉडेल वर ‘पाणी नाही’ असा इशारा देत थांबून राहतं.

१० लिटरची बादली मशीनच्याच नळाखाली लावा आणि घड्याळ बघा. दीड मिनिटाच्या आत भरली तर निश्चिंत राहा. दोन मिनिटांहून जास्त लागत असतील तर आधी प्लंबरला दाखवा. नळाची जाळी किंवा पाइप क्षारांनी तुंबलेला असू शकतो. तसं नसेल तर दाब वाढवणारा छोटा पंप लागेल, त्याचे पैसे मशीनच्या किमतीत धरा. ही चाचणी तुम्ही ज्या वेळी धुणं लावता त्याच वेळी करा. सकाळी सगळी इमारत पाणी वापरत असते. दुपारचा आकडा फसवा निघतो.

वेळ. मराठवाड्यात आणि इतर अनेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही, साठवून वापरावं लागतं. घराला वरची टाकी नसेल तर फ्रंट लोडचा विचार सोडा. बादलीने पाणी ओतता येणारं सेमी ऑटोमॅटिक तिथे खरोखर उपयोगी पडतं. त्यात कमीपणा काहीच नाही.

जडपणा. हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या धरणांचं आणि पुण्याला खडकवासल्याचं पाणी मिळतं. ते मऊ असतं. पण त्याच पुण्यात टँकरवर किंवा बोअरवर चालणाऱ्या सोसायट्यांत पाणी फार जड असू शकतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पट्टी बुडवून जडपणा मोजायची साधी किट मिळते. किट नसेल तर घरातल्या खुणा बघा: नळाच्या तोंडाला पांढरा थर, गिझरची कॉइल दर वर्षी बदलावी लागणं, साबणाला फेस न येणं, टॉवेल वाळल्यावर पापडासारखा कडक होणं.

जड पाणी तापवलं की क्षार हीटरवर बसतात. हीटरवर थर चढला की पाणी तापायला वेळ आणि वीज दोन्ही जास्त लागतात, आणि शेवटी हीटर जातो. नळाला लावायचा छोटा जाळीचा फिल्टर फक्त माती आणि कचरा अडवतो, क्षार काढत नाही. दुकानात मात्र तो क्षारांवरचा उपाय म्हणून विकतात. क्षार खरोखर काढायचे तर रेझिनचा सॉफ्टनर लागतो आणि तो ठरावीक काळाने मिठाच्या पाण्याने पुन्हा तयार करावा लागतो. तेवढी तयारी नसेल तर थंड पाण्यावर धुवा आणि क्षार काढायची पावडर नियमित वापरा.

निचरा. सेमी ऑटोमॅटिक आणि काही टॉप लोडमधून पाणी उताराने बाहेर जातं, त्यामुळे त्यांची नळी जमिनीलगतच हवी. पंपाने पाणी टाकणाऱ्या मशीनची नळी मात्र साधारण ६० ते १०० सेंटीमीटर उंचीवरून न्यावी लागते. ती जमिनीवर सोडली तर भरलेलं पाणी आपोआप वाहून जातं आणि मशीन भरतच राहतं. ‘पाणी थांबतच नाही’ अशा तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच कारण असतं.

## टप्पा ४: वीज

हीटर असलेल्या मशीनला आणि हीटरच्या ड्रायरला प्रत्येकी २,००० वॉट किंवा त्याहून जास्त लागतात. दोघांनाही १६ अँपिअरचा वेगवेगळा पॉइंट हवा. एकाच पॉइंटवर मल्टिप्लग लावून दोन्ही चालवले तर वायर तापते. इलेक्ट्रिशियनकडून दोनच गोष्टी तपासून घ्या: पॉइंटपर्यंतची वायर त्या भाराची आहे का, आणि अर्थिंग नीट आहे का. ओल्या जागेतल्या यंत्राला अर्थिंग नसेल तर जिवाशी गाठ आहे. यात ‘नंतर बघू’ नको. जुन्या चाळी-इमारतींत मीटरचा मंजूर भारही विचारा. ड्रायर, गिझर आणि एसी एकदम चालू झाले तर एमसीबी पडणारच.

## टप्पा ५: कपडे तोला

‘चौघांचं घर, सात किलो’ हा ठोकताळा अगदीच चुकीचा नाही, पण तुमचं घर कसं धुतं हे त्याला माहीत नसतं. रोज धुणारे चौघे आणि फक्त शनिवार-रविवार धुणारे चौघे यांची गरज वेगळी.

एका वेळचे धुवायचे कोरडे कपडे मोठ्या पिशवीत भरा आणि वजन करा. मशीनवर लिहिलेले किलो हे कोरड्या कपड्यांचे असतात. अंदाजासाठी: शर्ट २०० ते २५० ग्रॅम, जीन्स ६०० ते ८००, अंघोळीचा टॉवेल ४०० ते ६००, सुती साडी साधारण अर्धा किलो, डबल बेडची चादर पाऊण ते एक किलो. आमच्याकडे तीन टॉवेल, दोन जीन्स, एक चादर आणि रोजचे कपडे एवढ्यातच काटा साडेपाचवर गेला. मी मनात चार धरले होते.

आता यातली मेख. छापलेली क्षमता ही सुती कपड्यांच्या मुख्य प्रोग्रामची असते. सिंथेटिकला साधारण निम्मी, आणि १५ मिनिटांच्या झटपट प्रोग्रामला जेमतेम दोन किलो. शाळेचे गणवेश आणि ऑफिसचे कपडे झटपट प्रोग्रामवर ठासून भरले की साबण निघत नाही आणि बोल मशीनला लागतो.

तपासा: भरलेल्या ड्रममध्ये कपड्यांच्या वर आडवा हात सहज गेला पाहिजे.

वर्षातून दोनदा धुवायच्या रजईसाठी १२ किलोचं मशीन घेऊ नका. ती बाहेर धुवायला द्या. गोधडी तर भिजल्यावर इतकी जड होते आणि एका बाजूला गोळा होते की पिळताना मशीन आदळतं.

## टप्पा ६: मशीनचा प्रकार ठरवा

पाच टप्प्यांची उत्तरं समोर असतील तर हा निर्णय जवळजवळ आपोआप होतो.

सेमी ऑटोमॅटिक घ्या, जर पाणी साठवून वापरावं लागत असेल, नळाला दाब नसेल, आणि घरात कुणीतरी मशीनपाशी थांबू शकत असेल. स्वस्त आहे, दुरुस्ती गावातही होते, साबणाचं पाणी दुसऱ्या खेपेला वापरता येतं.

टॉप लोड घ्या, जर वाकायला त्रास होणारं माणूस धुणं करत असेल, किंवा राहिलेला मोजा मध्येच टाकायची सवय असेल. पाणी मात्र जास्त लागतं. ढोबळमानाने एका खेपेला १०० लिटर किंवा त्याहून जास्त, तिथे फ्रंट लोड ५० ते ७० लिटरमध्ये भागवतं. टँकरचे पैसे भरणाऱ्या सोसायटीत हा फरक वर्षाअखेरीला दिसतो.

फ्रंट लोड घ्या, जर दाब, वीज आणि सपाट जागा तिन्ही असतील, आणि विशेषतः पुढे ड्रायर घ्यायचा विचार असेल. कारण पिळण्याचा वेग. १,००० आरपीएमला (मिनिटाला ड्रमचे १,००० फेरे) पिळलेल्या सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या साधारण ६० टक्के पाणी उरतं, १,४०० ला ५० टक्क्यांच्या आसपास. पिळून काढलेलं पाणी फुकटात गेलं असं समजा. उरलेलं ड्रायरला वीज जाळून काढावं लागतं.

## टप्पा ७: ड्रायर लागतो का, आणि कुठला

नागपूर, अकोला, जळगाव, सोलापूर इथे वर्षातले बहुतेक महिने कपडे दोरीवर पटकन वाळतात. तिथे फक्त पावसाळ्यापुरता ड्रायर घ्यावा असं मला वाटत नाही. कोकणपट्टी, मुंबई, ठाणे, महाबळेश्वर, आंबोली, गोवा इथली गोष्ट निराळी. जून ते सप्टेंबर हवेतच इतकं पाणी असतं की पंख्याखाली दोन दिवस टांगलेले कपडेही कुबट येतात. घरात तान्हं मूल, अंथरुणाला खिळलेलं माणूस किंवा दम्याचा त्रास असलेलं कुणी असेल तर ड्रायरला चैन म्हणता येत नाही. भिंतींवरची बुरशी घरात वाळणाऱ्या कपड्यांच्या दमटपणावरही वाढते.

एकाच ड्रममध्ये धुणारं-वाळवणारं मशीन. जागा एकाचीच, म्हणून शहरात लोक याच्याकडे वळतात. पण लेबल नीट वाचा: ८ किलो धुणं, ५ किलो वाळवणं. म्हणजे पूर्ण भरून धुतलंत तर तीन किलो कपडे बाहेर काढून मगच वाळवायचे. धुण्यापासून वाळवण्यापर्यंत चार ते सहा तास जातात आणि तोवर दुसरी खेप लावता येत नाही. यांतली बरीच मशीन वाफ थंड करायला वाळवतानाही नळाचं पाणी वापरतात. दोघांच्या घराला आणि रात्री लावून सकाळी काढणाऱ्यांना हे चालतं. पाच माणसांच्या घरात रोजची चिडचिड होते.

बाहेर हवा सोडणारा ड्रायर. यातून दमट गरम हवा साधारण ४ इंची पाइपने घराबाहेर जायलाच हवी. पाइप न लावता बंद खोलीत चालवला तर कपड्यांतलं पाणी भिंतींवर जातं. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडू देत नसतील तर हा सोडा.

कंडेन्सर आणि हीट पंप. दोन्हींना बाहेरचा पाइप लागत नाही. पाणी टाकीत किंवा नळीने मोरीत जातं. फरक विजेचा. एक लिटर पाण्याची वाफ करायला किमान ०.६३ युनिट ऊर्जा लागते. पाच किलो कपड्यांत तीन लिटर पाणी उरलं तर साधारण १.९ युनिट. कंडेन्सरमध्ये हवा हीटरने तापते; अशा हीटरच्या ड्रायरला वाया जाणारी धरून अडीच ते तीन युनिट लागतात. हीट पंप तीच उष्णता पुन्हा पुन्हा वापरतो, म्हणून एक ते सव्वा युनिटमध्ये काम करतो.

आता हिशेब तुमच्या बिलावर करा. आठवड्याला चार खेपा, पावसाळ्याचे १७ आठवडे, म्हणजे ६८ खेपा. खेपेला पावणेदोन युनिट वाचले तर हंगामाला साधारण १२० युनिट. बिलातल्या शेवटच्या स्लॅबच्या दराने त्याला गुणा आणि दोन ड्रायरच्या किमतीतला फरक त्या रकमेने भागा. फक्त पावसाळ्यात वापरणाऱ्याला नुसत्या विजेच्या बचतीतून पैसे वसूल व्हायला बरीच वर्षं लागतात, हे कुणी दुकानात सांगत नाही. तरीही मी हीट पंपच सुचवतो, कारण त्याची हवा कमी तापते, कपडे कमी आटतात आणि जुन्या वायरिंगवर भारही कमी पडतो. वेळ मात्र त्याला जास्त लागतो; सुती भरगच्च खेपेला अडीच-तीन तास धरा.

तपासा: वेगळ्या ड्रायरची वाळवण्याची क्षमता मशीनच्या धुण्याच्या क्षमतेएवढी तरी असावी. एकावर एक रचायचे असतील तर दोन्हींना जमणारं स्टॅकिंग किट मिळतं याची खात्री मॉडेल नंबर देऊन करा.

## टप्पा ८: आता दुकान

मापांचा कागद सोबत न्या. स्टारच्या लेबलवर चांदण्यांबरोबर वीज आणि पाण्याच्या वापराचे आकडेही असतात. एकाच किलोची दोन मशीन त्या आकड्यांवरून ताडून बघा. ‘मोटरवर १० वर्षं’ ही वॉरंटी फक्त मोटरच्या सुट्या भागाची असते. पूर्ण मशीनची किती वर्षं आहे, सर्किट बोर्ड त्यात येतो का, कारागिराची मजुरी कोण देणार, हे बिल करण्याआधी विचारा. तुमच्या पिनकोडवर कंपनीचा कारागीर येतो का हे कंपनीच्याच क्रमांकावर फोन करून पक्कं करा. तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्यांनी हा फोन चुकवू नये. तळमजल्यावर राहत असाल तर खालून उंदराची जाळी आहे का बघा. उंदराने कुरतडलेली वायर सहसा वॉरंटीत धरत नाहीत.

पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या. पुढे काही वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करताना हाच कागद लागतो.

## टप्पा ९: मशीन घरी आल्यावर

१. खोकं उघडण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढा. चेपलेलं असेल तर पावतीवर तसं लिहूनच सही करा.

२. फ्रंट लोडच्या मागे ड्रम घट्ट धरून ठेवणारे तीन-चार लांब बोल्ट असतात. ते काढल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. काढून फेकूनही द्यायचे नाहीत. घर बदलताना पुन्हा लागतात. पावडरच्या डब्याशेजारी पिशवीत बांधून ठेवा.

३. हीट पंप ड्रायर आडवा करून आणला असेल तर उभा करून पुस्तिकेत सांगितलेले तास तसाच राहू द्या. आत फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो.

४. पाणसळ ठेवून दोन्ही दिशांनी सपाटी बघा. मग समोरासमोरचे दोन कोपरे हाताने दाबा. जरा जरी डुगडुगलं तर पाय पुन्हा फिरवा आणि त्यांची नट घट्ट करा.

५. पहिली खेप रिकामी, नुसत्या पाण्यावर. ती चालू असताना नळाचा जोड, निचऱ्याची नळी आणि मशीनखालची जमीन कोरड्या कागदाने टिपून बघा.

सावध: हाताने धुवायची पावडर फ्रंट लोडमध्ये घालू नका. फेस इतका होतो की कपडे एकमेकांवर आपटतच नाहीत, मळ तसाच राहतो. कमी फेसाची, फ्रंट लोडसाठीची पावडर किंवा लिक्विड घ्या. पाणी मऊ असेल तर डब्यावर सांगितलंय त्याहून थोडं कमीच घाला.

## टप्पा १०: पहिल्या पावसाळ्यातली शिस्त

ड्रायरच्या जाळीवर जमलेलं तूस प्रत्येक खेपेनंतर काढा. हाताने ओढलं की पिंजलेल्या कापसाच्या पातळ चादरीसारखं अख्खं निघतं. जाळी तुंबली की हवा अडते, वेळ वाढतो, आणि साचलेलं तूस पेटूही शकतं.

तेलाचे कपडे ड्रायरमध्ये घालू नका. बाळाच्या मालिशची दुपटी, अभ्यंगस्नानाचे पंचे, स्वयंपाकघरातली तेलकट फडकी धुतल्यावरही थोडं तेल धरून राहतात. गरम ढिगात ते तेल आपोआप तापत जातं आणि ड्रायर बंद झाल्यावरही आग लागू शकते. हे कपडे पावसातसुद्धा पंख्याखालीच वाळवा. पैठणी, जरीचं काही, रेशीम, लोकर, इलॅस्टिकचे कपडे यांनाही दोरीच बरी. शंका आली तर कपड्याच्या पट्टीवर चौकोनात वर्तुळ शोधा. त्यावर फुली असेल तर ड्रायर नाही, एक ठिपका असेल तर कमी तापमान.

धुणं झाल्यावर फ्रंट लोडच्या दाराभोवतीचं रबर फडक्याने पुसा, घडीच्या आत बोट घालून. केस, नाणी, शर्टाची बटणं तिथेच सापडतात आणि काळी बुरशी तिथूनच सुरू होते. दार आणि पावडरचा खण चार बोटं उघडा ठेवा. घरात लहान मूल असेल तर दार उघडं ठेवायच्या आधी मशीनचा प्लग बंद करा.